जामिनाचं अर्थशास्त्र

पुणे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू अर्थशास्त्रातून गुन्हेगारीचा अभ्यास करतेस, पण अर्थशास्त्राचे प्राध्यापक चोरांविषयी काय शिकवणार, असं काकू विचारत होत्या. मी त्यांना अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर ऐकवला. गुन्हेगारही फायदा, पकडलं जाण्याची शक्यता आणि शिक्षा यांचा हिशोब करतो, असं त्यानं १९६८ साली मांडलं; पुढे १९९२ चं नोबेल मिळालं. काकूंना नोबेल पटलं, हिशोब नाही. मलाही अर्धाच पटतो. नशेत कोयता नाचवणारं पोरगं कसला हिशोब करतंय! पाकीटमाराचा मात्र पक्का असतो. कलमात शिक्षा किती, हे त्याला सांगता येणार नाही. बसथांब्यावर साध्या वेशातला पोलीस कोण, हे बरोब्बर सांगेल.

तुझ्या सरांनी दिलेला डॉबी, गोल्डिन आणि यांग यांचा २०१८ चा निबंध वाचला. अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि मायामीत जामिनाला कोणता न्यायाधीश वाट्याला येईल हा नशिबाचा भाग, आणि काही सढळ, काही कडक. त्यामुळे सारख्याच आरोपींची तुलना करता आली. जे बाहेर राहिले त्यांच्यावर गुन्हा कमी शाबित झाला, कारण कबुली देणारे कमी निघाले. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. शिवाजीनगर कोर्टात आम्ही हेच बघतो गं. किरकोळ चोरीतला पोरगा, जामीन मंजूर, पण जामीनदार नाही. रेशनकार्ड, घरपट्टीची पावती घेऊन उभं कोण राहणार? येरवड्यात महिने जातात. मग तो म्हणतो, वकीलसाहेब, कबूल करतो, भोगलेल्या कैदेवर सोडवा. रेकॉर्डला तो गुन्हेगार. भारतातल्या तुरुंगांत चारातले सुमारे तीन कैदी कच्चे, म्हणजे निकाल न लागलेले, आहेत, हे तुला ठाऊकच आहे.

पण सढळ-कडक न्यायाधीशांवरून तुलना करायची ती युक्ती इथे जशीच्या तशी उचलू नकोस. आपल्याकडे पोलीस ठाण्यानुसार मॅजिस्ट्रेटचं कोर्ट ठरलेलं असतं, चिठ्ठी टाकून नाही. त्यापेक्षा मॅजिस्ट्रेटच्या बदल्यांकडे बघ. साहेब बदलले की त्याच ठाण्याच्या केसेसना जामिनाची रक्कम बदलते, वकील लगेच ओळखतात. आणखी एक: 'जामीन मंजूर' आणि 'प्रत्यक्ष सुटला' या दोन तारखा वेगळ्या धर. तुमचे अर्थशास्त्रवाले मंजुरीवर थांबतील. आमचा पक्षकार तिथे थांबलेला नसतो.

डिसेंबरात येशील तेव्हा आधी रिमांडच्या वेळी, म्हणजे आरोपींना कोठडीत ठेवायचं का हे कोर्ट ठरवतं तेव्हा, माझ्याबरोबर बस. गोखले इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत नंतर जा. आई विचारते, भाजणी पाठवू का?

तुझा,
बाबा