ट्रस्टमध्ये आहे म्हणून हात लावायचा नाही?

संपादक महोदय, नमस्कार

मी इचलकरंजीत सूत विकतो. एका पार्टीकडे उधारी थकली, कोर्टात गेलो, बऱ्याच वर्षांनी डिक्री, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा हुकूम, मिळाली आणि तिच्या वसुलीसाठी दरखास्त लावली तर समोरून उत्तर आलं की बंगला माझा नाहीच, वडिलांनी केलेल्या फॅमिली ट्रस्टचा आहे. आम्ही जवळजवळ नाद सोडला होता. मग वकिलांनी ट्रस्ट डीडची, म्हणजे ट्रस्टच्या दस्ताची, कॉपी मागवली, त्यात एक कलम निघालं की हा बंगला कुणाला द्यायचा ते हाच माणूस एकटा ठरवणार, मनात आलं तर स्वतःच्या नावावर पण करून घेणार, आणि तेही आत्ता, कधीही. हे कुलमुखत्यारपत्र नव्हे बरं का, तिथे आपण दुसऱ्याच्या वतीने सही करतो, इथे याने एक कागद केला की हाच मालक.

1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 बघा. ऋणकोच्या, म्हणजे पैसे देणं लागणाऱ्याच्या, नावावर आहे तेवढंच नाही तर ज्या मालमत्तेची विल्हेवाट तो स्वतःच्या फायद्यासाठी लावू शकतो तीही जप्तीत येते, भले ती दुसऱ्याने त्याच्यासाठी ट्रस्टमध्ये धरलेली असो. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतही कलम 155 मध्ये असेच अधिकार दिवाळखोराच्या इस्टेटीत धरलेत. बाहेर पण हेच, तुर्कस्तानच्या एका बुडालेल्या बँकेच्या मालकाने केमन बेटांवर ट्रस्टमध्ये सुमारे 2.4 कोटी डॉलर ठेवलेले आणि ट्रस्ट रद्द करून पैसे परत घ्यायचा अधिकार स्वतःकडे, तर 2011 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे केमनसारख्या बेटांचं शेवटचं अपील ऐकणाऱ्या कोर्टाने, तो अधिकारच वसुलीसाठी कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे सोपवायला लावला.

हां, डीडमध्ये फक्त मुलांपैकी कुणाला द्यायचं एवढंच ठरवायचा हक्क असेल तर घेणेकऱ्याला काही मिळू नये, मुलांच्या तोंडचा घास कुणी मागत नाहीये. पण स्वतः घेऊ शकणारा माणूस घेत नाही म्हणून माझे पैसे बुडावेत हे मला पटत नाही, कारण त्याच बंगल्यात तो राहतो आणि इकडे मी बँकेचं व्याज भरतोय.

ज्यांची दरखास्त पडून आहे त्यांनी ट्रस्ट म्हटल्यावर घरी जाऊ नका. त्याच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 नियम 41 खाली मालमत्तेचं शपथपत्र मागा आणि डीड शेवटच्या पानापर्यंत वाचून घ्या, आमचं कलम सोळाव्या पानावर होतं.

एक सूत व्यापारी, इचलकरंजी