आधी ट्रॉलीचं चाक बघा

संपादक महोदय,

कामावरचा अपघात म्हटला की क्रेन, प्रेस, बॉयलर डोळ्यांपुढे येतात. नागपूरजवळच्या वाडी, बुटीबोरीकडच्या गोदामांत मात्र पाय आणि कंबर जायबंदी करते ती हाताने ओढायची साधी हायड्रॉलिक ट्रॉली. तिची बातमी होत नाही. एखाद्या पोराची टाच सोलली, की 'बघून नाही ओढत का बे?' एवढ्यावर सुपरवायझरची चौकशी आटोपते.

हिंगणा एमआयडीसीत फिटरकी केल्यामुळे माझी नजर आधी चाकाकडे जाते. एक ट्रॉली आडवी करून पाहा. एक्सलला सुतळी आणि पॅकिंगच्या प्लास्टिकची पट्टी गच्च गुंडाळलेली, बेअरिंग कोरडं, चाक एका बाजूने घासून सपाट. असं चाक फिरत नाही, फरफटत जातं. थांबलेलं ओझं हलवायला तसाही जास्त जोर लागतो. त्यात चाक जाम, मग माणूस हिसका मारतो आणि कंबर तिथेच धरते.

या ट्रॉल्या साधारण अडीच टन पेलतात. हँडल मारलं की माल अलगद वर येतो, म्हणून मालकांना वाटतं एक माणूस पुरे. अहो, उचलतो तो जॅक, पण ढकलायचं माणसालाच! बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. उतारावर माणसाने मालाच्या खालच्या अंगाला कधीच राहू नये, आणि आपल्याकडे नेमका तोच पुढे, पायात स्लीपर.

१९४८ च्या कारखाने कायद्यातलं कलम ३४ इजा होईल इतकं जड ओझं उचलायलाच नव्हे, हलवायला लावायलाही मनाई करत होतं. पण नुसतं साठवणुकीचं गोदाम सहसा कारखान्यात मोडतच नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली. दहा किंवा अधिक कामगार असलेली आस्थापनं तिच्यात येतात, तेव्हा गोदामवाल्यांची ही सबब आता चालू नये. बेअरिंग बदलण्याचा खर्च दवाखान्याच्या बिलापुढे काहीच नाही, हे त्यांना मी सांगायला नको.

कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांना एकच विनंती. तपासणीला जाल तेव्हा रजिस्टर नंतर मागा. आधी रिकामी ट्रॉली एका हाताने ढकलून बघा.

एक सेवानिवृत्त फिटर,
हिंगणा रोड, नागपूर