पडदा मालधक्क्यात, स्थानकाची इमारत जशीच्या तशी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमृत भारत योजनेत जालना, परभणी अशा स्थानकांची कामे निघाली आणि जुन्या इमारतींचे पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. अशा इमारतीत रेल्वे संग्रहालय व्हावे, भव्य पडद्यावर विज्ञानपट दाखवावेत, असे आम्हाला मनापासून वाटते. आग्रह एकच आहे: पडद्यासाठी इमारत फोडू नका. पडदा मालधक्क्याच्या शेडमध्ये जाऊ द्या.

या बाबतीत अमेरिकेतील सिनसिनाटीचे युनियन टर्मिनल पाहण्यासारखे आहे. हे स्थानक 1933 चे. तिथे 1990 मध्ये संग्रहालय सुरू झाले आणि 72 फूट व्यासाचा घुमटाकार पडदाही आला. पण दर्शनी अर्धघुमटाचे दालन मोकळेच ठेवले. टॅक्सी आणि बस जिथून आत येत, त्या उतारांच्या जागेत संग्रहालयाची दालने बसवली. मात्र फलाटांकडे नेणारे लांब दालन त्याआधीच, 1974 मध्ये, पाडले गेले होते. पुढे पाणी मुरून दगडविटांमागचे लोखंड गंजले आणि 2016 ते 2018 अशी मोठी दुरुस्ती करावी लागली. आपल्याकडेही आधी छप्पर आणि पन्हाळी, मग बाकी सगळे, हाच क्रम हवा. दगड-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा तर मुळीच नको. ओल आत कोंडते, लोणा लागतो, दगडाचे पापुद्रे सुटतात.

आपल्या निजामकाळातील स्थानकांत तसा 72 फुटी, म्हणजे 22 मीटरचा घुमट बसवायचा म्हटले तर छप्परच काढावे लागेल. शिवाय घुमटावर एका बाजूचा उजेड दुसऱ्या बाजूवर पडून चित्र फिके होते. म्हणून पडदा मुद्दाम करडा ठेवतात आणि तेवढा जास्त प्रकाश लागतो. सपाट पडदा इथे शहाणपणाचा. 12 मीटर रुंद आणि 6.3 मीटर उंच पडद्यासाठी शेडमध्ये निदान 8 मीटर मोकळी उंची हवी. ही उंची कैचीच्या, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या, खालच्या पट्टीपर्यंत मोजायची, आढ्यापर्यंत नाही. नेमके इथेच अंदाज चुकतात. उंची 6 मीटरच मिळत असेल तर 8.5 मीटर रुंदीचा पडदा लावा आणि खुर्च्या पुढे आणा. शेवटची रांग पडद्याच्या रुंदीइतक्याच अंतरावर असली की चित्र डोळ्यांसमोर सुमारे 53 अंश व्यापते. भव्यता या कोनात असते, नुसत्या फुटांत नाही.

12 मीटरच्या साध्या पांढऱ्या पडद्यावर पुरेसा उजेड पडायला साडेअकरा हजार ल्युमेन (प्रकाश मोजण्याचे एकक) लागतात. लेन्सच्या काचेत वाया जाणारा उजेड आणि यंत्राचे वय धरून 18 ते 20 हजारांचा लेझर प्रोजेक्टर घ्यावा. जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टरमधला झेनॉन वायूचा दिवा बंद केल्यावरही त्याचा पंखा काही मिनिटे चालावा लागतो. आपल्याकडे वीज मध्येच गेली की महागडा दिवा खराब होतो, त्यामुळे तो टाळलेला बरा. लेझरलाही यूपीएस आणि थंड खोली हवीच. मार्च ते मे या काळात धुळीची जाळी दर आठवड्याला साफ केली नाही, तर यंत्र तापून बंद पडते.

शेजारून मालगाडी गेली की जमीन हादरते, याचा विचार फार कमी जण करतात. प्रोजेक्टर अंशाच्या साठाव्या भागाइतका जरी कलला, तरी 12 मीटरवर चित्र साडेतीन मिलिमीटर सरकते. 4-के, म्हणजे आडवे सुमारे चार हजार ठिपके असलेल्या, चित्राचा एक ठिपका त्या पडद्यावर तीन मिलिमीटरचाही नसतो. म्हणून प्रोजेक्टरचा पाया फरशीपासून तोडून वेगळा भरावा, मध्ये फट ठेवावी आणि यंत्राखाली रबरी बैठक द्यावी.

मूळ इमारतीत मात्र रेल्वेचेच सामान शोभेल. मराठवाड्याने तिन्ही गेज, म्हणजे रुळांमधली अंतरे, पाहिले आहेत: 1911 मध्ये लातूरला पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वेची 762 मिलिमीटरची लाइन, मनमाड-सिकंदराबाद मार्गाचे मीटरगेज आणि आजचे 1676 मिलिमीटरचे ब्रॉडगेज. तिन्हींचे दोन-दोन मीटरचे तुकडे खऱ्या स्लीपरांवर शेजारी शेजारी टाका. बार्शी लाइनचा मीटरला 15 किलोचा रूळ आणि आजचा 60 किलोचा, हा फरक मुलांना हात लावून कळू द्या.

एकेरी मार्गावर गाडी सोडण्याची परवानगी म्हणून गोळा देणाऱ्या नीलच्या टोकन यंत्रांची जोडी दोन खोल्यांत बसवून तारेने जोडावी. एक गोळा बाहेर असताना दुसरा निघतच नाही, हे स्वतः करून पाहिले की एकेरी मार्गावरची सुरक्षितता पाटी न वाचता समजते. सिग्नल ओढणाऱ्या पाच खटक्यांची केबिनही हवी, खालचे इंटरलॉकिंग, म्हणजे चुकीचे खटके एकत्र ओढू न देणारी यंत्रणा, काचेतून दिसेल अशी. बोटे चिमटू नयेत म्हणून खटक्यांच्या खाचांवर पत्रा लावा. खऱ्या सिग्नलची 500 मीटरची तार तापमान 30 अंशांनी वाढले की सुमारे 18 सेंटिमीटर लांबते आणि सिग्नल नीट पडत नाही. दहा मीटरच्या नमुन्यात हे दिसणार नाही. त्यासाठी तार सैल करणारा हाताचा स्क्रू बसवावा.

चित्रपट साधारण 40 मिनिटांचे असतात. शाळांच्या गर्दीची ये-जा धरून तासाला एकच खेळ ठेवावा. हे चित्रपट भाड्याने मिळतात. करार करतानाच संगीत आणि ध्वनींचा वेगळा ट्रॅक मागून घ्या, तरच मराठी निवेदन नीट मिसळता येते. एवढ्या मोठ्या पडद्यावर तळाची अक्षरे वाचताना मुलांची नजर चित्रावरून सुटते, तेव्हा सबटायटलवर भागवू नये. दगडी किंवा पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो. लाकडी चौकटीवर आवाज शोषणाऱ्या रॉकवुलचे (खनिज तंतूंचे) तक्ते उभे करावेत, भिंतीला भोके पाडू नयेत.

हे सारे पुढच्या टप्प्यात होऊ शकते. पण टोकन यंत्रे, खटके, सिग्नलचे हात, जुनी घड्याळे आणि रुळांचे तुकडे कामांच्या रेट्यात भंगारात जातात. प्रत्येक स्थानकावरील अशा वस्तूंची छायाचित्रांसह यादी करून त्या कोरड्या खोलीत कुलूपबंद ठेवण्याचे आदेश रेल्वे प्रशासनाने आताच द्यावेत, ही विनंती.

आपले,
प्रदर्शन-मांडणी व प्रक्षेपण क्षेत्रातील काही वाचक, लातूर