बाळंतिणीलाच जाब का?

महोदय,
आपल्याकडे तान्हे बाळ आईच्या कुशीतच झोपते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खोलीच्या घरात पाळणा टांगायलाही जागा नसते, वेगळा पलंग तर दूरच. तरीही हल्ली सुना-लेकी हे दवाखान्यात सांगायला कचरतात. 'जवळ घेऊन झोपतेस?' असे कुणी डोळे वटारून विचारले, की बाई पुढच्या खेपेस खोटे बोलते आणि तिला जे समजावून सांगायला हवे तेच राहून जाते.

कुशीत झोपवण्यात बाळ गुदमरण्याचा धोका नाही असे नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचना सांगतात, की बाळाला आईच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर उताणे झोपवावे. ते जमत नसेल, तर निदान आपली जाड सोलापुरी चादर बाळाच्या तोंडावर येऊ देऊ नये (उन्हाळ्यात ती कुणाला हवी असते म्हणा!), उश्या लांब ठेवाव्यात. दारू प्यालेल्या किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाशेजारी तर बाळ नकोच. अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे असेल तर त्याला वेगळेच झोपवावे.

यातल्या निम्म्या गोष्टी घरातल्या पुरुषांच्या हातात आहेत. लसीकरणाच्या दिवशी महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत आई-बाप दोघांनाही हे न रागावता समजावून सांगावे.

– एक आजी, सोलापूर