सही का केलीस म्हणून विचारलंस ना

प्रिय मनू,

परवा रात्री माहेरच्या जमिनीतला हक्क सोडायची सही का केलीस म्हणून विचारलंस, मग फोन ठेवलास तो ठेवलास, वर "तुला काय कळतच नाही का गं आई" असं म्हणून ठेवलास, आणि तासाभरानं परत तुझाच मेसेज, की जगाच्या इतिहासातले टर्निंग पॉइंट असं प्रेझेंटेशन आहे, कुठले पाच घेऊ पटकन सांग. भांडण एकीकडं, काम एकीकडं, हे बरं जमतं तुम्हाला. मोबाईलवर एवढं टाइप करायचं म्हणजे माझा अंगठा धरतो, म्हणून बाबांच्या लॅपटॉपवर बसलीय, ते शेजारी टीव्ही लावून बसलेत आणि मधूनच "अजून संपलं नाही का" विचारतायत. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकदमच देते, मला ती दोन वेगळी वाटतच नाहीत.

तुझी यादी काय चुकीची नाही, फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती, रशिया, दुसरं महायुद्ध, बर्लिनची भिंत, पण वर्गातली निम्मी पोरं हीच घेऊन येणार बघ. मी पंचवीस वर्षं शाळेच्या लायब्ररीत पुस्तकं नुसती लावली नाहीत, दुपारच्या सुट्टीत वाचली पण, आणि मला कायम खटकायचं ते हे, की तारीख ठळक छापतात पण ती गोष्ट माणसाच्या उंबऱ्यापर्यंत यायला किती वर्षं लागली ते कुणी लिहीतच नाही.

फ्रान्सचंच घे. 14 जुलै 1789 ला बॅस्टिल पडलं हे सगळ्यांना पाठ, आत कैदी होते फक्त सात. मला विचारशील तर खरा दणका 5 ऑक्टोबरला बसला, पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावसात वीसएक किलोमीटर चालत व्हर्सायला राजाच्या दारात गेल्या, म्हणजे सांगलीतनं मिरजेला जाऊन परत यायचं एवढं अंतर समज. कारण काय, तर पावाचा भाव. आदल्या वर्षी जुलैत गारपीट झालेली, पीक झोपलेलं (गारपीट म्हणजे काय ते द्राक्षवाल्यांच्या घरात वेगळं सांगायला नको), आणि मजुराची अर्ध्याच्या वर कमाई नुसत्या पावात जायची. दुसऱ्या दिवशी त्या राजाराणीला घेऊनच परतल्या आणि वाटेत ओरडत होत्या, बेकर आणला, बेकरची बायको आणली, बेकरचं पोरगं आणलं. आता गंमत बघ. राजाला उचलून आणणाऱ्या ह्या बायकांना मताचा हक्क मिळाला 1944 ला, पहिलं मतदान केलं 1945 ला. मधल्या काळात ऑलिंप द गूज म्हणून एक होती, तिनं 1791 मध्ये बायकांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला, 1793 मध्ये तिचंच डोकं उडवलं, आणि 1804 मध्ये नेपोलियनचा कायदा आला त्यात बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहायचं असं लिहूनच टाकलं. दीडशे वर्षं गं.

म्हणून म्हणते पाच घटना घेऊच नको, एक साल घे. 1848 घे. फेब्रुवारीत पॅरिसमधनं राजा पळाला आणि फ्रान्समध्ये सगळ्या बाप्यांना मत मिळालं. एप्रिलात आपल्या साताऱ्याला शहाजीराजे वारले, पोटचा वारस नाही म्हणून डलहौसीनं दत्तक मानला नाही आणि छत्रपतींची गादी खालसा केली. त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, आणि दोघांची मुळं सातारा जिल्ह्यातली बरं का, सावित्रीबाई नायगावच्या, जोतिबांचं मूळ गाव कटगुण. आणि जुलैत तिकडं अमेरिकेत सेनेका फॉल्स नावाच्या गावात बायकांची परिषद भरली, आम्हाला मत पाहिजे, मालमत्तेवर हक्क पाहिजे असं लिहून खाली शंभर जणांनी सह्या केल्या, 68 बायका आणि 32 पुरुष.

त्या सह्यांत एक होती शार्लट वुडवर्ड. अठरा-एकोणीस वर्षांची, तुझ्यापेक्षा लहान, घरात बसून हातमोजे शिवायची आणि मजुरी स्वतःची म्हणता यायची नाही. अमेरिकेतल्या बायकांना मत मिळालं 1920 ला, तेव्हा त्या सही केलेल्यांपैकी ती एकटी जिवंत होती, नव्वदीची, आणि आजारपणामुळं तिला मत टाकायला जाताच आलं नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लायब्ररीची बेल होऊन गेली तरी मी तशीच बसून होते. बहात्तर वर्षं.

तिची सही मागणारी होती. माझी सोडणारी. ते सांगते आता.

2006 चा मे महिना. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, जाऊन पाच वर्षं झालेली, उताऱ्यावर वारस म्हणून दोन्ही मामांची नावं वर आणि मी नि तुझी आज्जी, म्हणजे माझी आई, "इतर हक्कात". सातबाऱ्यावर ते कोपऱ्यात असतं, पाहुणी आली की तिला खाट टाकतात तसं. थोरल्या मामानं बागेसाठी सोसायटीचं कर्ज मागितलेलं, तिथं म्हणाले बहिणीची सही आणा. मामाचा फोन आला, "ताई, एक दिवस ये, तासाभराचं काम आहे". मी अर्धा दिवस रजा टाकून गेले. रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात लाकडी बाक, लाईट गेलेली, बाहेर स्टॅम्पवाला, आणि एकानं तो कागद अशा स्पीडनं वाचला की लग्नात मंगलाष्टकंही एवढ्या घाईत म्हणत नाहीत. एवढंच कानात राहिलं, "राजीखुशीने व कोणताही मोबदला न घेता". मागं लाईन होती, मी वाचायला मागितला तर तोच म्हणाला वाचला की आत्ता. सही केली, अंगठा दिला, शाई पुसायला काही नव्हतं म्हणून पदराच्या आतल्या बाजूला पुसली, ती मोतिया रंगाची साडी तू नंतर पोतेरं करायला निघालेलीस ती. घरी गेल्यावर मामीनं हिरवी साडी दिली, पुरणपोळीचं जेवण, येताना द्राक्षाची पेटी नव्हती कारण सीझन संपलेला, मग बेदाणे दिले.

आणि मनू, मला तेव्हा माहीतच नव्हतं की आठ महिन्यांपूर्वी, 9 सप्टेंबर 2005 ला, दिल्लीत हिंदू वारसा कायदा बदलून लागू पण झालेला. मुलगी जन्मापासून मुलाच्या बरोबरीची वाटेकरी. मला माहीत होतं ते जुनं, की महाराष्ट्रानं 1994 लाच हे केलेलं पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना सोडून, आणि माझं लग्न 1992 चं. दोन वर्षांनी हुकले. पुढं 2020 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं आणखी स्पष्ट केलं की 2005 ला बाप जिवंत असायची पण गरज नाही. ती बातमी मी लॉकडाऊनमध्ये भाजी निवडताना पेपरात वाचली. पेपर घडी करून ठेवला, मेथी निवडली.

तू म्हणतेस कोर्टात जा. रजिस्टर सही आहे बाई, कुणी डोक्याला बंदूक लावली नव्हती. आणि माहीत असतं तरी केली नसती का? खरं सांगू, केली असती बहुतेक. कारण भाऊबीज. कारण आज्जी त्यांच्याकडं राहणार होती. माहेर तुटलेल्या बायका मी बघितल्यात, आमच्या गल्लीतच एक होती, हिस्सा मागितला तर आईच्या मयतीलासुद्धा तिला निरोप नाही. हे कुठल्याच कायद्यात बसत नाही.

मामा वाईट आहे असं पण मनात आणू नको. त्या जमिनीचीच गोष्ट ऐक. माझे आजोबा कूळ होते, जमीन सांगलीतल्या एका वकिलांची. मग कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 ला कसणारा तो मालक ठरला, आजोबांनी किमतीचे हप्ते भरले तेव्हा 32 म चा, म्हणजे जमीन आपली झाल्याचा, दाखला हातात पडला. तो दाखला अजून मामाकडं पत्र्याच्या ट्रंकेत आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्याच्यावर डांबरगोळी. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेल्या माणसाचं नाव उताऱ्यावर चढलं हे केवढं मोठं, तुझ्या प्रेझेंटेशनमधल्या कुठल्याही क्रांतीच्या तोडीचं, आणि बंदुकीची गोळी न उडता. पण नाव चढलं ते एकट्या आजोबांचं. भांगलायला आजी होतीच की.

ही आजी, म्हणजे तुझी पणजी, नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांना भाकरी पोचवायची, वैरणीच्या भाऱ्यात लपवून. लोक पत्री सरकार म्हणायचे. गावोगाव न्यायमंडळं, सावकारांना नि गावगुंडांना धाक, हुंड्याबिंड्याशिवाय गांधी पद्धतीची लग्नं, 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून खजिना लुटला तो तर तुला मामानं दहा वेळा सांगितलाय, जसा काय हा स्वतःच रुळावर उभा होता. प्रतिसरकारचं केंद्र कुंडल, ते तेव्हा औंध संस्थानात, आणि त्या औंधच्या राजानं 1939 च्या जानेवारीत स्वतःहून राज्यघटना करून सत्ता प्रजेकडं दिली, गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन म्हणून पोलंडचा एक इंजिनिअर मदतीला. फ्रान्सच्या राजाला 21 जानेवारी 1793 ला गिलोटिनवर चढवलं आणि आपल्याकडच्या राजानं आपणहून हक्कसोड केलं! हे घे की प्रेझेंटेशनमध्ये, सर उडतील.

तर आजी. पहिल्या निवडणुकीला, 1951-52, नाव लिहून घ्यायला माणूस आला, म्हणाला आजी नाव सांगा. ही गप्प. आपल्याकडं बाईला "नाव घे" म्हटलं की नवऱ्याचं घ्यायचं असतं, ते पण उखाण्यात. शेवटी दीराच्या बायकोनं सांगितलं ते लिहिलं, ते सासरचं. माहेरचं नाव काय होतं ते आज घरात कुणालाच ठाऊक नाही, मी विचारून विचारून दमले. पण तिचं निदान लागलं तरी. त्या वेळी देशात, जास्त करून उत्तरेकडं, जवळपास 28 लाख बायकांनी अमक्याची आई, तमक्याची बायको असंच सांगितलं, आणि स्वतःचं नाव नाही म्हणून निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्यांना यादीतनं काढलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते सेन दुष्ट वाटलेले. आता वाटतं बरोबर केलं त्यांनी, कुणाची तरी आई म्हणून मत टाकायचंच कशाला.

आणि त्याच 1951 च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, हिंदू कोड बिल रखडवलं हे त्यातलं मोठं कारण. मुलींना वाटा हे त्या बिलातलंच. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरवर "भिवा रामजी आंबेडकर" असं नाव चढलं, तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून आपण शाळेत करतो, दरवर्षी फुलं मीच आणायचे. मला तर आता सगळा इतिहास असाच दिसतो, कुणाचं नाव कुठल्या वहीत कधी चढलं.

आज्जीचं नाव चढलं हजेरीच्या मस्टरवर. 1972 चा दुष्काळ, पाझर तलावाचं काम, मी सहा महिन्यांची, बाभळीला झोळी बांधलेली आणि आज्जी खाली माती वाहायची. रोजगार हमी ही वि. स. पागे यांची, ते तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, आधी आपल्याच भागात करून बघितलेली योजना, 1977 ला राज्यात कायदा झाला आणि 2005 ला देशात. बघ परत 2005. त्या आठवड्याचे पैसे आज्जीनं स्वतःच्या हातात घेतले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्यातनं काय आणलं तर गुळाची ढेप. अजून सांगते, "माझ्या पैशाचा गूळ".

बर्लिनच्या भिंतीचं विचारलंस, ती 9 नोव्हेंबर 1989. पूर्व जर्मनीतल्या शाबोव्स्की नावाच्या पुढाऱ्यानं पत्रकारांपुढं पलीकडं जायची मुभा दिल्याची चिठ्ठी वाचली, कधीपासून विचारल्यावर कागद चाळून म्हणाला माझ्या माहितीप्रमाणं लगेच, आणि रात्रीत माणसं भिंतीवर. मला काय आठवतं? त्याच महिन्यात मला बघायला पहिलं स्थळ आलेलं, मिरजेचं. त्यांनी पोह्याला नावं ठेवली. भिंतीचं मला चार वर्षांनी कळलं.

असो. लांबलं. बाबा झोपले टीव्हीपुढंच.

दिवाळीला दोन दिवस आधी ये. फ्लॅट माझ्या आणि बाबांच्या दोघांच्या नावावर आहे, त्यातल्या माझ्या अर्ध्या हिश्श्याचं बक्षीसपत्र करायचंय, तुझ्या आणि दादाच्या नावे, सारखं सारखं. बाबांना विचारलं, ते "हं" म्हणाले, मॅच बघत म्हणाले पण म्हणाले. आधार, पॅन आणि पासपोर्ट साईझचे फोटो आण, मागच्या वेळसारखं विसरू नको. भाऊबीजेला मामा येणार आहे, त्याच्यापुढं हा विषय नको, त्यानं बेदाणे आणले की हसून घे. ऑफिसात गर्दी असते, सकाळी लवकर जाऊ. आणि मागं कितीही लाईन असू दे, तो कागद स्वतः वाच, पहिल्या ओळीपासून, मग सही कर. पूर्ण नावाची कर.

तुझी,
आई