डिमापूरच्या फिटरांनाही चार ओळी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेजारी देशांच्या हवाई दलांवरचा लेख रविवारच्या अंकात वाचला. बांगलादेशचं हवाई दल 'अवघ्या तीन विमानांवर उभं राहिलं' म्हणून लेखकाने एका ओळीत उरकलं. आकडा बरोबर आहे. पण ती तीन कोणती, हे सांगितलं असतं तर वाचणारा हसला नसता.

बांगलादेश मुक्तियुद्ध चालू असताना, २८ सप्टेंबर १९७१ ला नागालँडमध्ये डिमापूरला हे दल सुरू झालं. भारताने दिलेली एक डाकोटा, एक ऑटर ही वाहतुकीची विमानं आणि एक अल्युएट हेलिकॉप्टर. अल्युएट म्हणजे आपलं चेतक. माझी वायुदलातली बरीचशी नोकरी चेतकवरच गेली, फिटर म्हणून. रोटर हेडला, म्हणजे वरच्या पंख्याच्या मुळाशी, ग्रीस भरून हात कोपरापर्यंत माखलेले असायचे आणि पायलटसाहेब येऊन आधी विचारायचे, काच पुसली का! अशा या हलक्या यंत्राच्या तळाला इंचभर जाडीचा पोलादी पत्रा जोडला, दोन्ही अंगांना रॉकेटं लावली. एवढं वजन चढलं की आणखी उचलायची ताकद कमी उरते, किलोकिलोचा हिशेब धरावा लागतो. ऑटरचं तर दारच काढलं. बॉम्ब हातानं ढकलायचे होते. वैमानिकांत प्रवासी विमानं चालवणारे होते, पिकांवर औषध फवारणारेही होते. ३ डिसेंबरच्या रात्री हेलिकॉप्टरने नारायणगंजजवळचा गोदनाइलचा तेलसाठा गाठला, ऑटरने चितगावचा. डाकोटा वाहतुकीलाच राहिली.

हेलिकॉप्टर नेणारे स्क्वाड्रन लीडर सुलतान महमूद यांचं नाव सगळीकडे आहे, असायलाच हवं. पण पाकिस्तानचं दल सोडून आलेल्या ज्या बंगाली तंत्रज्ञांनी ही यंत्रं उडती ठेवली, त्यांचं काय? मोठ्या दलात एक विमान बिघडलं तर दुसरं काढतात. इथे हेलिकॉप्टर बसलं की निम्मी मोहीमच बसली.

सातारकरांना फौजेचं कौतुक शिकवायला नको. अपशिंगेत तर घरटी फौजी. पण मी वायुदलात होतो म्हटलं की पोवई नाक्यावर पहिला प्रश्न, "विमान चालवायचा का?" नाही म्हटलं की विषय संपला.

१६ डिसेंबरच्या, विजय दिनाच्या पुरवणीत दरवर्षी वैमानिकांच्या मुलाखती असतात. यंदा जिल्ह्यातला एखादा म्हातारा फिटर, नाहीतर रडारवाला गाठा. कराड, वाई, कोरेगाव, कुठेही सापडेल.

आपला,
एक निवृत्त वायुसैनिक, सातारा