अनामत रक्कम घेण्याआधी एक कागद हातात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी आषाढी उरकून चार दिवस झाले असतील, माझ्या ४३ वर्षांच्या धाकट्या भावाच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी त्याचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. आधीच्या आठवड्यात त्याचे पोट बिघडले होते, त्यामुळे अशक्तपणा असेल असे सर्वांनीच धरले आणि गावातील डॉक्टरांनी ताकदीचे इंजेक्शन दिले. सोमवारी त्याला गाडीची किक मारता येईना, मंगळवारी चहाचा कप हातातून सुटला आणि बुधवारी दुपारी तो, श्वास अपुरा पडतो आहे, असे म्हणू लागला. त्याच रात्री पावणेबाराला आम्ही पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या दारात होतो. निदान झाले गुलेन बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात या आजाराची साथ आली, तेव्हा हे नाव आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते आणि पुण्याच्या पाण्याची गोष्ट म्हणून पान उलटले होते.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, अशक्तपणा पायांकडून वर चढत जातो आणि तो छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचला की रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. भावाच्या बाबतीत ही वेळ तिसऱ्या दिवशी आली. डॉक्टरांविषयी आणि अतिदक्षता विभागातील सिस्टरांविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. तो आज वॉकर धरून अंगणापर्यंत येतो, हे त्यांचेच श्रेय आहे. माझे म्हणणे आहे ते तळमजल्यावरच्या एका खिडकीविषयी.

त्या खिडकीवर आमच्याकडे एक लाख रुपये अनामत मागण्यात आली. आमच्याजवळ तेवीस हजार होते. भावजयीने गळ्यातले गंठण काढून माझ्या हातात ठेवले आणि एवढेच म्हणाली, ‘दादा, हे मोडा, पण त्यांना आत घ्यायला सांगा.’ रात्री साडेबाराला सोने कोण घेणार? पुतण्याने मोबाइलवरून गावाकडच्या मित्रांना निरोप धाडले, तशी कुठून पाचशे, कुठून दोन हजार, भिशीच्या अध्यक्षांकडून पंधरा हजार अशी रक्कम पहाटे तीनपर्यंत जमली. मी खिडकीतल्या गृहस्थांना विचारले, की सरकारी योजनेतून काही होईल का. त्यांनी शिधापत्रिकेचा रंग विचारला, मी पांढरा म्हणून सांगितले आणि त्यांनी ‘पांढऱ्या कार्डाला योजना नाही’ असे म्हणून पावती फाडली.

हे उत्तर चुकीचे होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू करण्याचा आणि प्रति कुटुंब मोफत उपचारांची मर्यादा वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत नेण्याचा शासन निर्णय २८ जुलै २०२३ चा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून राज्यभर त्याची अंमलबजावणी सुरू झालेली आहे. म्हणजे आम्ही त्या खिडकीवर उभे होतो, तेव्हा या बदलाला वर्ष उलटून गेले होते. हे रुग्णालय योजनेतही होते आणि हा आजारही योजनेच्या यादीत होता. रुग्णालयात योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्रांचे टेबल मात्र सायंकाळी सहाला बंद झाले होते. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून कळवून परवानगी घेण्याची सोय योजनेत आहे, हे मला पुष्कळ नंतर समजले.

दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. जीबीएसवर दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन हे रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून तयार होते आणि ते रुग्णाच्या वजनानुसार, दर किलोला दिवसाला ०.४ ग्रॅम याप्रमाणे, सलग पाच दिवस देतात. भावाचे वजन ६२ किलो, म्हणजे रोज पाच-पाच ग्रॅमच्या पाच बाटल्या, एकूण पंचवीस. रुग्णालयातील औषध दुकानात बाटलीवर छापलेल्या किमतीप्रमाणे १७,५०० रुपये घेतले जात होते. दोन दिवसांचे पावणेदोन लाख भरून झाल्यावर शेजारच्या रुग्णाच्या मुलाने सांगितले, की बाहेर चौकशी करा. मी सदाशिव पेठेतील एका घाऊक विक्रेत्याकडे गेलो. तीच कंपनी, तेवढीच ताकद, आणि किंमत ११,९०० रुपये. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या घालून, ते खोके मांडीवर धरून मी तीन दिवस रिक्षाने ये-जा केली, कारण हे औषध २ ते ८ अंश तापमानात राहावे लागते. उरलेल्या पंधरा बाटल्यांमागे ८४ हजार रुपये वाचले. बाहेरून औषध आणण्यास रुग्णालयाने आडकाठी केली नाही, परंतु तशी मुभा आहे हे आपण होऊन कोणी सांगितलेही नाही. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांतील औषध दुकानांच्या या प्रश्नावर राज्यांनी धोरण आखावे, असे म्हटले होते.

पण याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. सहाव्या दिवशी, सतरंजीवर आमच्या शेजारी रात्र काढणाऱ्या एका बाईंनी ‘खालच्या मजल्यावर समाजसेवा अधीक्षकांना भेटलात का?’ असे सहज विचारले. आम्ही भेटलो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने ठेवाव्या लागतात, त्यासाठी एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते आणि तातडीच्या रुग्णाला अनामतीसाठी न अडवता दाखल करून घ्यावे लागते, ही सर्व माहिती आम्हाला तेथे मिळाली. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ३ लाख ६० हजार आहे. भावाचे गॅरेजचे उत्पन्न त्याच्या आतले आहे. या सवलतीत औषधे छापील किमतीने नव्हे, तर रुग्णालयाच्या खरेदी दराने आकारायची असतात. १७,५०० रुपयांच्या बाटलीचा रुग्णालयाचा खरेदी दर किती असेल, याचा अंदाज सदाशिव पेठेतल्या पावतीवरून वाचकांनीच करावा. आम्ही आलो त्या रात्री सवलतीच्या दोन खाटा रिकाम्या होत्या, असे अधीक्षक बाईंनी नोंदवहीत पाहून प्रामाणिकपणे सांगितले, आणि ‘तुम्ही विचारलेच नाही’ असेही सांगितले.

आम्ही विचारले नाही, हे खरे आहे. ज्याच्या भावाचा श्वास अडकला आहे, त्याने कलम ४१ कक विचारावे ही अपेक्षाच मला अजब वाटते. नियमाप्रमाणे रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे असते. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ पासून तशी तरतूद आहे. सनद लावलेली होती. ती पाण्याच्या कूलरच्या मागे होती आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागावर कोणीतरी स्वच्छतागृहाकडे जाण्याचा बाण चिकटवला होता.

पुतण्या गावी जाऊन शिधापत्रिका, आधार कार्डे आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन आला. त्यात दोन दिवस गेले, कारण सेतू केंद्रातील सर्व्हर बंद होता. आठव्या दिवशी जन आरोग्य योजनेची मंजुरी आली आणि त्यानंतरच्या उपचारांचा बराचसा भार हलका झाला. तोपर्यंत आमच्या खिशातून ६ लाख १२ हजार रुपये गेले होते. योजना रोकडविरहित असल्याने आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत, हेही तेव्हाच कळले. गंठण आज पतसंस्थेत तारण आहे आणि वडिलांची वीस गुंठे जमीन गहाण आहे. भाऊ एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होता. घरी आल्यावर व्यायामासाठी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टची फी आम्ही रोख देतो. गॅरेजमध्ये कामाला असलेला मुलगा पंक्चर काढून दुकानाचे भाडे निघेल एवढे मिळवतो.

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातील एका महिलेच्या प्रसूतीनंतरच्या मृत्यूमुळे अनामत रकमेचा प्रश्न राज्यभर गाजला, चौकश्या झाल्या, आदेशही निघाले. तरीही त्यानंतर तीन महिन्यांनी आम्हाला जो अनुभव आला, त्यावरून मला असे वाटते, की अनामत घेऊ नका एवढे सांगून हा प्रश्न सुटत नाही. पैसे मागण्याची खिडकी रात्रभर उघडी असते आणि पैसे वाचवण्याची टेबले संध्याकाळी बंद होतात, हा खरा अडथळा आहे. म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. धर्मादाय आणि योजनेतील प्रत्येक रुग्णालयाने, कोणतीही रक्कम स्वीकारण्यापूर्वी, नातेवाइकांच्या हातात मराठीतील एक पान द्यावे. आजार योजनेत बसतो का, सवलतीच्या किती खाटा या क्षणी रिकाम्या आहेत, पहिल्या तीन दिवसांचा अंदाजे खर्च किती आणि औषधे बाहेरून आणता येतील का, या चारच गोष्टी त्यावर हाताने भरलेल्या असाव्यात आणि खाली रुग्णालयाची व नातेवाइकाची सही असावी. प्रत आमच्याजवळ राहील. ‘तुम्ही विचारलेच नाही’ असे मग कोणाला म्हणता येणार नाही.

असा नमुना मी स्वतः टंकलिखित करून, आमच्या सर्व पावत्यांच्या झेरॉक्ससह, संबंधित धर्मादाय कार्यालयाला आणि आरोग्य विभागाला नोंदणीकृत डाकेने पाठवला आहे. दोन्ही पोहोचपावत्या माझ्याकडे आल्या आहेत. उत्तर अद्याप आलेले नाही, म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवीत आहे.

आपला,
एक वाचक, जि. सातारा
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत दिला आहे. तो प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)